गुरुवारची ट्रायल

परमनंटची जागा एक होती आणि आम्ही दोघी होतो. दोघीही कंत्राटावर. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, कारखाना महाळुंग्यात, आणि त्याच आवारातल्या आयटी विभागात आम्ही सात माणसं. माझे बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यातून परमनंट म्हणून निवृत्त झाले. सांगवीला आम्ही जो फ्लॅट घेतला, मला ज्या इंग्रजी शाळेत घातलं, त्या सगळ्याच्या मागे तो एक शब्द होता. आठवड्यातून एकदा तरी जेवताना ते विचारायचे, "काही कळलं का?" मी म्हणायचे, "अजून नाही." मग ते आमटी वाढून घ्यायचे.

ती माझ्यानंतर आठ महिन्यांनी आली. परभणीकडची, मराठी शाळेत शिकलेली, चाकणमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. पहिल्याच दुपारी तिने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी ठेचा बेताबेताने घेतला तरी डोळ्यांत पाणी आलं आणि ती पळत जाऊन माझ्यासाठी ताक घेऊन आली. मला ती आवडली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

महिन्याभरात गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांपासून स्टोअरमधल्या माणसांपर्यंत सगळ्यांना ती माहीत झाली. ट्रकवाले तिला ताई म्हणायचे. मी वर्षभरात त्या गेटवर कुणाशी धड एक वाक्य बोलले नव्हते. बोलायचं नसायचं असं नाही. माझं मराठी तोंडातून निघतं ते क्रमिक पुस्तकातलं, आणि ते ऐकलं की समोरचा माणूस सावरून उभा राहतो. ते मला सहन होत नाही, म्हणून मी मान हलवून आत जायचे. लोक त्याला गर्व म्हणतात, म्हणू देत. पण ती गेटवर हसत उभी असली की मला तिच्या शेजारून आत जायला नको व्हायचं. मी फोन कानाला लावून जायचे. पलीकडे कुणी नसायचं.

आमच्या कंपनीचं एक पोर्टल आहे. सप्लायरकडून माल निघाला की तो त्यावर नोंद करतो. ट्रक गेटवर आला की मामा तीच नोंद उघडून गेटपास छापतात. पास नाही तर ट्रक आत नाही. आमच्याकडे माल साठवत नाहीत, सकाळी आलेला दुपारी लाइनवर लागतो, त्यामुळे पास अडकला की कारखाना अडकतो. हे पोर्टल मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये चालायचं. ते दोनदा बंद पडल्यावर आमच्या विभागप्रमुख सरांनी ठरवलं की त्याची दुसरी प्रत हैदराबादला ठेवायची. मुंबई पडली तर हैदराबादने काम उचलायचं. प्रश्न एवढाच होता, की मुंबईकडे येणाऱ्या लोकांना त्या क्षणी हैदराबादकडे वळवायचं कसं.

सरांनी आम्हा दोघींना वेगवेगळे प्रस्ताव करायला सांगितले. जिचा घेऊ ती सिस्टिम सांभाळेल, आणि मग वर कुणाचं नाव पाठवायचं हा प्रश्नच उरणार नाही, असं ते म्हणाले. हे ते हसत म्हणाले. आम्ही दोघी हसलो नाही.

पर्याय तीन होते. दोन्ही शहरं सतत चालू ठेवून प्रत्येकाला जवळचं शहर द्यायचं, हा पहिला. त्यात एकच ट्रक दोन्हीकडे नोंदला जायची भीती होती, म्हणून आम्ही दोघींनी तो सोडला. दुसरा नावाचा. आपण पोर्टलचं नाव टाकतो तेव्हा आपलं मशीन आधी त्या नावाचा पत्ता विचारून घेतं. हा पत्ता म्हणजे एक लांबलचक आकडा. मुंबई पडली की त्याच नावामागे हैदराबादचा आकडा लावायचा, मशीन पुन्हा विचारतील तेव्हा त्यांना नवा मिळेल. तिसरा म्हणजे दोन्ही शहरांच्या पुढे एकच कायमचा पत्ता उभा करायचा. सगळे नेहमी तिथेच येतील, आणि आत कुठे पाठवायचं ते तिथे ठरेल. याला खर्च जास्त, मांडणीही किचकट.

तिने दुसरा निवडला. मी तिसरा निवडला, आणि माझ्याकडे त्याला एक कारण होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कंपनीची बस उशिरा होती म्हणून मी गेटच्या केबिनमध्ये थांबले होते. तीही होती. ती मामांना त्यांच्या मुलीच्या बारावीचं विचारत होती. तिची नजर नेहमी माणसांवर असते. माझी वस्तूंवर असते, ते सोपं असतं. ती चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा मला मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवलेली पट्टी दिसली. स्केचपेनने लिहिलेला आकडा, चार तुकड्यांत, मध्ये टिंबं. तो आमच्या मुंबईच्या सर्व्हरचा पत्ता होता.

मी मामांना विचारलं, हे काय आहे म्हणून. इतक्या दिवसांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य असेल.

"ते व्हय? कंप्युटरवाल्यानं लावलंय," मामा म्हणाले. "मागं नाव टाकलं की उघडतच न्हवतं. त्यानं नंबरच आत घालून दिला. तवापासून एकदा बी अडलं न्हाई."

हा कंप्युटरवाला चाकणमध्ये दुकान चालवतो. आमची तिन्ही गेटं आणि आसपासच्या बऱ्याच सप्लायरांची मशीन तोच बघतो. त्याने प्रत्येक मशीनमधल्या एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं की या नावाचा आकडा हा, कुणाला विचारू नको. ट्रक उभे असताना कुणाला मूळ दुखणं शोधायला वेळ असतो? त्याने चालू करून दिलं, लोकांनी त्याला चहा पाजला, आणि चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही या इथल्या शिस्तीप्रमाणे कुणी पुन्हा तिकडे बघितलं नाही. म्हणजे ती मशीन पत्ता विचारतच नव्हती. नावामागचा आकडा आम्ही कितीही बदलला तरी ती मुंबईलाच जाणार होती.

मी घरी जाऊन माझ्या प्रस्तावात त्यावर एक वेगळी स्लाइड केली. अकरावी. मला त्या रात्री छान झोप लागली.

मीटिंगमध्ये ती आधी बोलली. तिच्याकडे स्लाइड चारच होत्या आणि त्यातल्या एकीवर स्पेलिंगची चूक होती, ती मी मनात टिपून ठेवली. पण तिने स्लाइडकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "सर, तळेगाव चौकात जाम लागला की पोलीस काय करतो? आंबेठाणकडनं गाड्या वळवतो. ड्रायव्हरला नवीन काही शिकवायचं नाही, त्यानं फक्त हाताकडं बघायचं. आपलं नाव म्हणजे तो पोलीस." प्रॉडक्शनचे एक साहेब बसले होते, ते म्हणाले की तळेगाव चौकात पोलीस असतो हेच त्यांना आज कळलं. सगळे हसले. सगळ्यांना समजलं. सर वहीत काहीतरी लिहायला लागले.

मग मी उभी राहिले. माझं इंग्रजी चांगलं आहे आणि माझी प्रत्येक स्लाइड बरोबर होती. सहाव्या स्लाइडला प्रॉडक्शनच्या साहेबांनी फोन उलटा करून बघितला. मी दहावीवर आले आणि मला समोर ती दिसली. पेन हातात घेऊन, माझं मनापासून ऐकत.

तेव्हा मला नेमकं काय वाटलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला दिसलं की मी अकरावी स्लाइड दाखवली तर ती लगेच म्हणेल, "अगं, बरं झालं सांगितलंस, मी मामांशी बोलते." दोन दिवसांत ती तिन्ही गेटांवर फिरेल, कंप्युटरवाल्याला भाऊ म्हणून हाक मारेल, त्याच्याकडून सगळ्या सप्लायरांची यादी काढेल. तिच्या योजनेतलं भोक माझ्या माहितीने बुजेल आणि योजना तिचीच राहील. तिच्या उदाहरणातलंच उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं: जो ड्रायव्हर रस्ता पाठ म्हणून पोलिसाकडे बघतच नाही, त्याचं काय? इतकं सरळ मराठी वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा सुचलं असेल.

मी दोनदा बटण दाबलं. दहावीनंतर बारावी आली. ती 'थँक यू'ची होती.

सरांनी विचारलं, अजून काही मुद्दे? मी म्हणाले, "नो, सर."

तिचा प्रस्ताव घेतला गेला. ट्रायल गुरुवारी ठेवली. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळा औद्योगिक पट्टा त्या दिवशी बंद. सर म्हणाले, गुरुवारी करू, कुणाला त्रास नको. ती म्हणाली, हो सर. आणि मी तिथेच बसले होते. गुरुवारी गेटांना कुलूप असतं, सप्लायरांच्या शेड बंद असतात, आकडा पाठ असलेलं एकही मशीन चालू नसतं. चाकणमध्ये यापेक्षा शांत आणि यापेक्षा निरुपयोगी दिवस ट्रायलसाठी मिळाला नसता.

त्या गुरुवारी आम्ही तिघंच होतो, सर, ती आणि मी. तिने मुंबईची प्रत मुद्दाम बंद केली. एका मिनिटात नावामागे हैदराबादचा आकडा आला. आमच्या लॅपटॉपवर, तिघांच्या फोनवर पोर्टल उघडलं. सरांनी वडापाव मागवले. तिने माझा हात धरून दाबला आणि विचारलं, "काही राहिलं नाही ना गं?" मी म्हणाले, मला तरी काही दिसत नाही. मी त्या दिवसात तिचं अभिनंदन तीन वेळा केलं. घरी बाबांना सांगितलं की दुसऱ्या मुलीचं काम पसंत पडलं. त्यांनी त्या आठवड्यात प्रश्न विचारला नाही, आणि त्याचाही राग मला तिच्यावरच आला.

पाच आठवड्यांनी एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मुंबईकडे काहीतरी बिघडलं. आमच्या पडद्यावर लाल दिवा आला, नाव वळलं, दिवा हिरवा झाला. ती खुर्चीतून उठून टाळी देत म्हणाली, "वळलं बघ." तेवढ्यात गेटचा फोन वाजला. पास निघत नव्हता. मग दुसऱ्या गेटचा. मग भोसरीतून एका सप्लायरचा, कुरुळीतून दुसऱ्याचा. तिच्या लॅपटॉपवर पोर्टल झकास चालत होतं आणि फोनवरची माणसं बंद आहे म्हणत होती. तिने तीनदा तपासलं. मग हेल्मेट उचललं आणि गेटवर गेली.

मी जागेवर बसून राहिले. मला उत्तर माहीत होतं. खिडकीतून गेटसमोरची ट्रकची रांग दिसत होती, आधी कंपाउंडपर्यंत, मग रस्त्यापर्यंत. ती कागदाच्या पॅडवर हाताने पास लिहीत होती, मामा शिक्के मारत होते, ड्रायव्हर खाली उतरून तिला बिलं आणून देत होते. ती कुणाला तरी ओरडली आणि तो हसला. माझ्या मनात होतं, की बघू, हसून किती ट्रक आत जातात ते. बरेच गेले, खरं तर. पण पुरे पडले नाहीत. साडेअकराला एक लाइन थांबली.

सर माझ्या टेबलाशी आले तोपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी विचारलं, तुला काही सुचतंय का? आणि मी जणू आत्ताच विचार करून बोलते आहे अशा आवाजात म्हणाले, की गेटच्या मशीनमध्ये जुना पत्ता थेट लिहिलेला असू शकतो. मी तिला फोन लावला. कुठली फाइल, कुठली ओळ, ते सांगितलं. तिने ती ओळ काढली आणि चार मिनिटांत पहिला पास छापून आला. फोनवर तिच्या मागे लोकांचा आवाज चढला आणि ती मला म्हणाली, "वाचवलंस गं बाई."

त्यानंतर सरांनी माझा प्रस्ताव पुन्हा बाहेर काढला. कायमचा एक पत्ता, जो कुणी कुठे लिहून ठेवला तरी बिघडणार नाही. आता तो प्रॉडक्शनच्या साहेबांनाही न समजावता पटला. फक्त एकदा प्रत्येक मशीनमधली जुनी ओळ काढायला हवी होती, आणि ते काम आम्हा दोघींना मिळालं. आठ दिवस मी तिच्या स्कूटरवर मागे बसून शेडमागून शेड फिरले. सगळीकडे तिला ओळखणारं कुणीतरी होतं. मी कीबोर्डवर बसायचे आणि ती माझ्या वाटचा चहाही पिऊन टाकायची.

कुरुळीच्या एका प्रेस शॉपमध्ये तसलीच पट्टी मॉनिटरला दिसली. ती वाकून वाचायला लागली. "हे असं गेटवर पण होतं का? मी एवढ्यांदा बसले तिथं. कसं काय दिसलं नाही मला."

"होतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"मीटिंगच्या आधीपासून."

मागे पत्रा दाबणारा प्रेस पडत होता, ठराविक वेळाने, जमीन हादरवत. तिने पट्टी नखाने काढायचा प्रयत्न केला, ती अर्धीच निघाली. मी काहीतरी बोलत राहिले, इंग्रजीत, माझ्या लक्षातही आलं नाही.

"मला सांगून काय उपयोग आता?" ती म्हणाली. "मला तेव्हा सांगायचं होतंस. आता सरांना सांग."

मी सरांना सांगितलं नाही. त्या रविवारी मेल लिहिली, चांगली झाली होती, ती ड्राफ्टमध्ये ठेवली. तीही कुणाजवळ बोलली नाही. मी रोज वाट बघायचे की आज ती सांगेल, आज माझा निकाल लागेल. ती डबा तसाच मध्ये ठेवायची, फक्त खा म्हणायची नाही. तिने सांगितलं असतं तर मला तिचा राग करता आला असता.

पुढच्या महिन्यात पत्र माझ्या नावाचं आलं. बाबांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि कपाटातल्या स्वतःच्या जुन्या पत्राच्या फाइलमध्ये ठेवून दिलं.

परमनंट झाल्यावर माझ्याकडे आलेला पहिला कागद तिचा होता. कंत्राटाची मुदत वाढवायची की नाही याचा फॉर्म, खाली शेऱ्याची जागा. मी तिथे लिहिलं, की मंगळवारच्या बिघाडाचं कारण मला आधीपासून माहीत होतं आणि मी ते मीटिंगमध्ये सांगितलं नाही. त्याचा दोष तिच्या एकटीवर धरू नये. सही केली आणि तिच्या सहीसाठी तिला बोलावलं.

तिने उभ्यानेच वाचलं. "चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "पण मी राहत नाही."

भोसरीतल्या एका सप्लायरच्या मालकाचा ट्रक त्या मंगळवारी आमच्या गेटवर अडकला होता आणि तो स्वतः तिथे उभा होता. त्याने तो सगळा वेळ तिला पास लिहिताना बघितलं. मग मामांकडून तिचा नंबर घेतला. डिस्पॅच आणि कंप्युटर दोन्ही तिच्याकडे, आणि पहिल्या दिवसापासून परमनंट.

"इंटरव्ह्यूत काय विचारलं?" मी विचारलं. एवढंच सुचलं मला.

"काहीच नाही. म्हणाले, त्या दिवशी बघितलंय."

तिने सही न करता फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो फाडला नाही, सरांच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. त्यांनी अजून त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

ती गेल्याला आता सात महिने झाले. नवी मांडणी व्यवस्थित चालते, मधल्या काळात मुंबई एकदा पडली तर गेटवर कुणाला कळलंही नाही. पण 'त्या दिवशी बघितलंय' हे वाक्य तिने म्हटलं तेव्हा मला वाटला तेवढा हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो कमी झालेला नाही. तिचं काम कुणीतरी उभं राहून बघितलं होतं. मी खिडकीशी चाळीस मिनिटं बसले होते, तेव्हा माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. म्हणून मी इथे आहे.